या बॅचचं बिल दाखवा

औषधांच्या दुकानाची तपासणी गल्ल्यापासून सुरू होत असेल, असं नव्या माणसाला वाटतं. ती सुरू होते भिंतीपासून. बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला असलेल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये ड्रग इन्स्पेक्टर आले, की पायरी चढता चढताच त्यांची नजर समोरच्या चौकटींवर जाते. नमुना 20 चं लायसन्स, नमुना 21 चं लायसन्स आणि शेजारी फार्मासिस्टच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. पहिल्या लायसन्सवर नेहमीच्या गोळ्या, सिरप विकता येतात. दुसरं नसेल तर इन्सुलिन किंवा लसी दुकानात ठेवताच येत नाहीत. प्रमाणपत्रावरचं नाव आणि काउंटरमागे पांढऱ्या एप्रनमध्ये उभ्या असलेल्या बाईंच्या बिल्ल्यावरचं नाव एकच आहे एवढं पाहून साहेब आत येतात. मांडणीवरून एक पाकीट उचलतात. कोणतंही.

"बेन, आ बॅचनुं बिल बतावो."

पुढच्या काही मिनिटांत त्या दुकानाचं सगळं कळतं. पाकिटावरचा बॅच नंबर खरेदीच्या बिलावर सापडायला हवा. बिल परवानाधारक होलसेलरचं हवं. बिलाप्रमाणे आलेला माल, विकलेला माल आणि खणात उरलेला माल यांचा मेळ बसायला हवा. औषध कोणाकडून घेतलं हे विचारल्यावर सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं 18-ए हे कलम तेवढ्यासाठीच आहे. दुकान चकचकीत असलं आणि बिल सापडलं नाही, तर त्या चकचकाटाला काही किंमत नाही. उलट लाकडी मांडणीचं जुनं दुकान असेल पण बिलांच्या फायली महिन्यावार लावलेल्या असतील, तर साहेबांचं काम अर्ध्या वेळात होतं.

हे दुकान काउंटरमागच्या त्या बाईंच्या सासऱ्यांनी सुरू केलं. मराठी गिऱ्हाईक बाईंना ताई म्हणतं, गुजराती गिऱ्हाईक बेन. घरात मराठी, काउंटरवर गुजराती आणि बिलावर इंग्रजी असा त्यांचा दिवस जातो. गायकवाडांच्या काळापासून इथे राहिलेल्या कितीतरी मराठी घरांचं असंच आहे. ताईंचं शिक्षण महाराजा सयाजीराव विद्यापीठात, कलाभवनातल्या फार्मसी विभागात झालं. कलाभवन 1890 चं. सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी ते उभं केलं. त्याच गज्जरांनी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन या आपल्या शिष्यांना हाताशी धरलं आणि 1907 मध्ये बडोद्यात अलेंबिक सुरू झालं. पुढे साराभाईंचा औषधांचा कारखाना आला, मागोमाग लहान-मोठे अनेक आले. औषधं बनवणं या शहराच्या अंगवळणी पडून शतक उलटलं आहे. गुजरात सरकारची अन्न व औषध प्रयोगशाळाही बडोद्यातच, निजामपुऱ्यात पॉलिटेक्निकजवळ आहे. राज्यभरातल्या दुकानांतून उचललेले औषधांचे नमुने तिथे तपासायला येतात. ताईंच्या दुकानातून निघालेल्या नमुन्याला फार लांब जावं लागत नाही.

नमुना घेण्याचा प्रसंग एकदा तरी जवळून पाहावा असा आहे. इन्स्पेक्टर रक्तदाबाच्या एका गोळीचं खोकं मागून घेतात. नाव, बॅच, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी, कंपनीचा पत्ता हे सगळं नमुना 17 वर उतरवतात. गोळ्यांची किंमत रोख देऊ करतात, कारण नमुना हा फुकट उचलायचा माल नाही. दुकानदाराने पैसे नाकारले तर त्यासाठी 17-ए ही निराळी पावती आहे. मग पट्ट्यांचे चार सारखे भाग होतात. प्रत्येक भाग कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, गाठीवर लाख वितळवून मोहोर उठवायची. दुकानात औषधांचा नेहमीचा वास असतो, त्यात थोडा वेळ जळत्या लाखेचा वास मिसळतो. कायदा दुकानदारालाही स्वतःची मोहोर किंवा खूण प्रत्येक पुडीवर करू देतो. बरेच दुकानदार घाईत नुसती सही करून मोकळे होतात. ताई प्रत्येक पुडीवर सही करून दुकानाचा शिक्का मारतात आणि तोपर्यंत गिऱ्हाइकांना थांबायला सांगतात.

त्या चार पुड्यांची वाटणी मला या सगळ्या कायद्यातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. एक पुडी दुकानदाराकडेच राहते. एक सरकारी विश्लेषकाकडे जाते. एक कोर्टासाठी राखून ठेवतात. चौथी, ज्याच्याकडून माल आला असं दुकानदाराने सांगितलं त्याला पाठवतात. उद्या वाद झालाच तर प्रत्येक पक्षाच्या हातात त्याच बॅचचा, त्याच दिवशी बंद केलेला पुरावा असतो. प्रयोगशाळेत गोळीत औषध किती आहे हे मोजतात आणि ती विरघळते कशी हेही पाहतात. ताईंनी कॉलेजात ही चाचणी स्वतः केली आहे. काचेची सहा भांडी, त्यांतलं द्रावण शरीराच्या तापमानाला म्हणजे 37 अंशांवर, वरून फिरणारी पाती आणि दर थोड्या वेळाने काढायचा थेंबभर नमुना. गोळीत औषध भरपूर असेल पण ती विरघळलीच नाही, तर रोग्याच्या दृष्टीने ती खडूसारखीच. हे त्यांना त्या सहा भांड्यांनी शिकवलं, त्यामुळे नमुना घेताना त्या कधी कुरकुर करत नाहीत.

कमी दर्जाचं औषध निघालं तर दुकानदाराचं काय होतं? हा प्रश्न या धंद्यातल्या प्रत्येकाच्या मनात असतो. कलम 19 त्याला एक आधार देतं. माल रीतसर परवानाधारकाकडून घेतला होता, त्यात खोट आहे हे योग्य ती काळजी घेऊनही कळणं शक्य नव्हतं आणि औषध आपल्याकडे असताना नीट ठेवलं होतं, ते जसं आलं तसंच होतं, हे त्याने दाखवायचं. दाखवायचं म्हणजे कागदावर. होलसेलरचं बिल आणि फ्रिजच्या तापमानाची वही एरवी कंटाळवाणी वाटते, त्या दिवशी मात्र दुकान वाचवणारं तेवढंच असतं. काही दुकानदार स्वस्त पडतो म्हणून बिनबिलाचा माल घेतात. चार पैशांसाठी आपण हा आधार स्वतःच्या हाताने तोडतो आहोत हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही, याचं ताईंना खरोखर दुःख होतं.

हा कायदा एका दिवसात आला नाही. बाजारात बनावट आणि पातळ केलेलं क्विनीन सर्रास विकलं जात होतं, त्याचा बोभाटा झाला, तेव्हा 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मलेरियाने फणफणलेल्या माणसाला क्विनीनच्या नावाने भलतंच काही मिळत होतं. समितीचा अहवाल आला आणि 1940 मध्ये औषध कायदा झाला, 1945 मध्ये नियम झाले, 1948 मध्ये फार्मसी कायदा झाला. कायदे झाले तरी ते पाळले गेले नाहीत तर काय होतं, याचं मराठी वाचकांना आठवेल असं उदाहरण म्हणजे मुंबईचं जे. जे. रुग्णालय. 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने कारखान्यापासून खरेदी विभागापर्यंत आणि औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत एकेक दुवा तपासला. ज्याचं काम बाटली उघडण्याआधी कागद पाहण्याचं होतं त्याने तो पाहिला नाही, असं एकाहून अधिक टेबलांवर घडलं होतं. ताई तेव्हा शाळेत होत्या. कॉलेजात गेल्यावर प्राध्यापकांनी हे प्रकरण वर्गात शिकवलं, आणि औषधविक्रीच्या नियमांकडे त्या दिवसापासून आपण वेगळ्या नजरेने पाहू लागलो असं त्या सांगतात.

नियम असला तरी तो पाहायला माणूस हवा. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने 2003 मध्ये सुचवलं, की विक्रीच्या 200 दुकानांमागे एक आणि उत्पादनाच्या 50 कारखान्यांमागे एक इन्स्पेक्टर असावा. बनावट औषधांसाठी कडक शिक्षेची शिफारसही त्यांनी केली आणि 2008 मध्ये कायदा बदलला. बनावट औषधाने मृत्यू ओढवला तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आली. शिक्षा वाढवणं त्या मानाने सोपं असतं. माणसं नेमणं, त्यांना प्रशिक्षण देणं, गाडी देणं, प्रयोगशाळेत यंत्रं आणि विश्लेषक वाढवणं याला पैसा आणि चिकाटी लागते. प्रत्येक दुकान वर्षातून किमान एकदा तपासावं असं नियम 51 सांगतो. इन्स्पेक्टरच्या हाताखाली किती दुकानं, कोर्टाच्या तारखा किती, कारखाने किती, याचा विचार केला तर हे वर्षातलं एक येणंही सोपं नाही, हे ताईंना मान्य आहे. त्यामुळे उरलेल्या दिवसांत दुकान कसं चालतं हा प्रश्न त्यांना जास्त महत्त्वाचा वाटतो.

उरलेल्या दिवसांपैकी कुठल्याही संध्याकाळी त्या काउंटरवर काय घडतं ते पाहावं. गल्लीतल्या एक आजी काठी टेकत येतात. त्यांना झोपेची गोळी हवी आहे. हातातली चिठ्ठी जुनी, घड्यांवर फाटलेली; डॉक्टरांनी एका महिन्यासाठी लिहिलेली आणि तो महिना कधीच सरलेला.

"अगं, तू ओळखतेस ना मला? दर वेळी तूच देतेस."

"ओळखते ना आजी, म्हणूनच नाही म्हणते. डॉक्टरांना एकदा दाखवून या. गोळी चालू ठेवायची की कमी करायची ते त्यांनाच ठरवू दे."

"तो पलीकडचा देतो बरं का."

ताई हसतात, आजींना खुर्ची देतात आणि स्वतःच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावून दुसऱ्या दिवशीचा नंबर घेऊन देतात. ही गोळी शेड्यूल एच-1 मधली. 2013 मध्ये केंद्र सरकारने हे परिशिष्ट आणलं, 1 मार्च 2014 पासून ते लागू झालं. यादीत 46 औषधं होती: सेफिक्झिमसारखी वरच्या पिढीतली अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, अल्प्राझोलामसारखी झोपेची आणि चिंतेची औषधं. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. विकताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध आणि नग निराळ्या रजिस्टरात लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. इन्स्पेक्टर बिलांनंतर हेच रजिस्टर मागतात. खरेदी आणि विक्री यांत फरक निघाला तर त्या गोळ्या कुठे गेल्या याचं उत्तर द्यावं लागतं.

"पलीकडचा देतो" हे वाक्य मात्र ताईंना रोज ऐकावं लागतं. सर्दी झाली की दोन दिवसांची अँटिबायोटिक मागणारे, मुलाला बरं वाटलं म्हणून उरलेलं सिरप पुढच्या वेळेसाठी जपून ठेवणारे, मागच्या वर्षीच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलवर दाखवणारे. एका दुकानाने नियम पाळला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि नियम पाळणाऱ्याचा धंदा कमी होतो. तपासणी सगळ्यांची सारखी झाली तरच हा अन्याय दूर होईल असं त्यांचं ठाम मत आहे, आणि मला ते पटतं. इन्स्पेक्टरची भीती खोटेपणा करणाऱ्याला वाटते. सरळ धंदा करणाऱ्याला त्यांचं येणं हवंसं वाटायला हवं, कारण तेच त्याचं संरक्षण आहे.

असाच एक जुना रोग म्हणजे भाड्याचं सर्टिफिकेट. दुकान एकाचं, प्रमाणपत्र दुसऱ्याचं आणि काउंटरवर तिसराच. भिंतीवर ज्याचं नाव तो फार्मासिस्ट नोकरी दुसरीकडे करतो आणि महिन्याच्या महिन्याला पाकीट घेतो. चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची, हा नियम 65 आणि फार्मसी कायद्याचं 42 वं कलम दोन्ही सांगतात. महाराष्ट्रात 2011 नंतर महेश झगडे औषध प्रशासनाचे आयुक्त होते. त्यांनी फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठी हवी, बिल हवं यासाठी मोहीम उघडली तेव्हा केमिस्टांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, दुकानं बंद राहिली. ताईंच्या माहेरकडचे एक नातेवाईक महाराष्ट्रात याच धंद्यात आहेत. त्या दिवसांत त्यांच्याशी फोनवर बोलताना दोघांची चांगलीच जुंपायची. फार्मासिस्ट मिळत नाहीत, पगार परवडत नाही, असं ते म्हणायचे. चार वर्षं शिकून आलेल्या मुलीला तुम्ही पगार न देता तिचं नावच भाड्याने मागता, असं ताई म्हणायच्या.

गुजरातमध्ये या रोगावर एक उपाय झाला. इथल्या औषध प्रशासनाने एक्सएलएन नावाची संगणकप्रणाली आणली आणि विक्रीचे परवाने तिच्यावर नेले. पुढे इतर राज्यांनीही ती घेतली. फार्मासिस्टचा नोंदणी क्रमांक एका दुकानाशी जोडलेला असताना दुसऱ्या दुकानाने तोच भरला की प्रणाली तो पकडते. एकाच वेळी दोन भिंतींवर एकच नाव लावणं अवघड झालं. पण भिंतीवरचं नाव दुपारी चार वाजता काउंटरमागे आहे की नाही, हे संगणकाला दिसत नाही. ते पाहायला पायरी चढून यावंच लागतं.

ताईंच्या दुकानातला फ्रिज छोटा आहे, पण त्याच्या दारावर लटकवलेल्या वहीत सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहिलेलं असतं. इन्सुलिन 2 ते 8 अंशांतच राहायला हवं. बडोद्याच्या मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा वीज गेली की त्यांचं लक्ष आधी फ्रिजकडे जातं. दार उघडायचं नाही, बर्फाच्या पिशव्या तयार ठेवायच्या, वीज कधी गेली आणि कधी आली ते लिहायचं. गिऱ्हाईक इन्सुलिन घेऊन उन्हातून स्कूटरवर घरी निघालं, की ताई थर्मासची पिशवी आहे का ते विचारतात. नसली तर थोडा बर्फ वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, आणि बाटली बर्फाला थेट चिकटवू नका असं बजावतात, कारण गोठलेलं इन्सुलिनही वायाच जातं.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. नदी 35 फुटांच्या वर गेली, समा, अकोटा, फतेहगंज या भागांत घरं-दुकानं पाण्याखाली गेली, मगरी रस्त्यांवर आल्या. दांडिया बाजाराकडे ताईंचं दुकान वाचलं. समा भागातल्या त्यांच्या एका वर्गमैत्रिणीचं दुकान मात्र बुडालं. पाणी ओसरल्यावर ताई मदतीला गेल्या. मांडणीचे खालचे खण चिखलाने भरलेले, खोकी फुगलेली. वरच्या खणांतल्या पट्ट्यांना पाणी लागलं नव्हतं, पण वीज कित्येक तास नसल्याने फ्रिजमधलं सगळं गेलं होतं. लाखांचा माल. काही पट्ट्या पुसून सुकवल्या तर अगदी नव्यासारख्या दिसल्या असत्या आणि गिऱ्हाइकाला काही कळलं नसतं. त्या दोघींनी बसून यादी केली. औषधाचं नाव, बॅच, नग. फोटो काढले, खोकी वेगळी करून त्यांवर 'विक्रीसाठी नाही' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि औषध खात्याला कळवलं. एक्स्पायरी झालेल्या मालासाठी जो नियम आहे, विकायच्या मालापासून लांब, बंद खोक्यात, तशी पाटी लावून ठेवण्याचा, तोच त्यांनी बुडालेल्या मालाला लावला. असं वागणाऱ्या माणसांविषयी वर्तमानपत्रांत काही छापून येत नाही. पुरानंतर शहरातल्या रोग्यांच्या पोटात चिखलातली गोळी गेली नाही, यात त्यांचा मोठा वाटा आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये बॅच नंबर हा शब्द घरोघरी पोचला. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या परिसरात, खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावू लागली होती. बरीच मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती. औषध कोल्ड्रिफ, तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात बनलेलं, बॅच एसआर-13. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालू शकतं ते फक्त 0.1 टक्का. जे. जे. मध्ये सापडलं होतं तेच रसायन, जवळपास चाळीस वर्षांनी. वीसहून अधिक मुलं गेली. महाराष्ट्राच्या औषध प्रशासनाने या बॅचची विक्री आणि वापर थांबवण्याचा इशारा काढला. मग गुजरातेत बनलेल्या दोन सिरपच्या बॅचमध्येही हा विषारी अंश मर्यादेबाहेर सापडला आणि त्या परत मागवण्याचे आदेश निघाले.

त्या आठवड्यात ताईंच्या दुकानात आया बाटल्या घेऊन येत होत्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, अर्ध्या वापरलेल्या, झाकणाशी चिकट झालेल्या. "बेन, हे चालेल ना?" एवढाच प्रश्न. ताई प्रत्येक बाटली उजेडात धरायच्या, बॅच वाचायच्या आणि संगणकात टाकून पाहायच्या. ज्या बाटल्या त्यांच्या दुकानातल्या होत्या त्यांचं बिल एका क्षणात समोर यायचं. इशाऱ्यातली एकही बॅच त्यांच्याकडे आलेली नव्हती. अडचण बाकीच्या बाटल्यांची होती. काहींच्या लेबलावर सिरप ओघळून छपाई पुसली होती. काही बिनबिलाच्या, कुठून घेतल्या ते आठवत नव्हतं. एका आईने सांगितलं, बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला एवढ्याशा बाटलीचं बिल कशाला. ती बाटली ताईंनी पुन्हा न वापरायला सांगितली. दोन-तीन वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकल्यासाठी असं मिश्रण मुळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, हेही त्या प्रत्येक आईला सांगत राहिल्या. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलावर छापण्याचा आदेश 2023 मध्येच निघाला आहे.

दुकानात बसून कोणत्याही फार्मासिस्टला सिरपमधलं विष ओळखता येत नाही. ते गोडच लागतं, रंग तोच असतो. ते ओळखण्याचं काम कारखान्याच्या आणि सरकारच्या प्रयोगशाळेचं. दुकानाच्या हातात फक्त एवढं असतं, की इशारा आल्याच्या तासाभरात ही बॅच आपल्याकडे किती आली, किती विकली, कोणाला विकली, ते सांगता यावं. सुटी गोळी विकतानाही ताई हे सांभाळतात. पट्टी कापताना बॅच आणि एक्स्पायरी छापलेला भाग शेवटपर्यंत राहू देतात, आणि ज्याला चारच गोळ्या दिल्या त्याच्या कागदी पिशवीवर दोन्ही हाताने लिहून देतात. दुकानात नव्याने लागलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कात्री कशी धरायची हे त्या शिकवतात. पोराला ते विचित्र वाटतं.

तपासणी संपली, की साहेब नमुना 35 ची वही मागतात. ही तपासणीची वही दुकानातच असते. काय आढळलं ते तीन प्रतींत लिहायचं. एक वहीत राहते, एक औषध प्रशासनाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते, एक इन्स्पेक्टर स्वतः नेतात. ताईंच्या वहीत बहुतेक शेरे साधे आहेत. बिलं पाहिली, रजिस्टर पाहिलं, फ्रिज पाहिला, फार्मासिस्ट हजर. एका इन्स्पेक्टरबाईंनी एकदा नोंद लिहून झाल्यावर, गाडीची वाट पाहताना, काउंटरपाशी उभं राहून वेळ काढला. तेव्हा ताई एका दमेकऱ्याला इनहेलर शिकवत होत्या. आधी श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरून हळू ओढा, मग धरून ठेवा, शेवटी चूळ भरा. गृहस्थ कित्येक वर्षं इनहेलर वापरत होते आणि औषध घशातच मारत होते. इन्स्पेक्टरबाईंनी ते सगळं पाहिलं. वहीत ते लिहायला मात्र रकाना नव्हता.

याच गोष्टीवर ताई अलीकडे दुकानदारांच्या बैठकींत बोलतात. औषध विकण्याचे नियम राज्याचं औषध प्रशासन पाहतं. फार्मासिस्टने रोग्याला समजावून सांगावं, हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये आहे, पण ती फार्मसी कौन्सिलच्या कक्षेत येतात. फार्मसी कायद्याच्या 26-ए कलमाने राज्याच्या कौन्सिललाही इन्स्पेक्टर नेमता येतात. दोन खाती, दोन कायदे, आणि रोग्याशी होणारं बोलणं दोघांच्या मधल्या जागेत पडलेलं. शिवाय घरपोच औषधं देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांसाठी ऑगस्ट 2018 मध्ये मसुदा निघाला, त्याचे पक्के नियम अजून झालेले नाहीत. तिथे गोळी कशी घ्यायची हे सांगणारा माणूसच समोर नसतो.

कौन्सिलने आपले इन्स्पेक्टर नेमावेत आणि त्यांनी बिलांना हात न लावता काउंटरशेजारी तासभर नुसतं उभं राहावं, अशी ताईंची मागणी आहे. बैठकीत काही जण मान डोलावतात. काहींना भीती वाटते, की आणखी एक साहेब, आणखी एक वही. एकाने विचारलं, गर्दीच्या वेळी प्रत्येकाला समजावत बसलो तर रांग केवढी होईल? ताईंनी त्याला सांगितलं, की सगळ्यांना नको, इनहेलरवाले, इन्सुलिनवाले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आणि पहिल्यांदाच औषध सुरू झालेले, एवढ्यांपासून सुरुवात करू. अशा गिऱ्हाइकांची यादी त्यांनी स्वतःच्या दुकानापुरती केलीही आहे.